विंडोज ११ चं अपग्रेड सारखं मागे फिरतंय? बटण पुन्हा दाबण्याआधी हे तपासा

लक्षण साधारण असं असतं. घरच्या विंडोज १० वर विंडोज ११ उतरवायला घेतलं, टक्केवारी सावकाश वर चढली, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट झालं आणि मग स्क्रीनवर ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाची ओळ आली. थोड्या वेळाने पुन्हा जुनं विंडोज १० समोर. चार दिवसांनी अपडेटच्या पानावर तीच विचारणा, पुन्हा तोच प्रकार. दुसरं लक्षण याहून सोपं दिसतं: ‘हा पीसी सध्या विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाही’ ही सूचना येत राहते आणि घरातलं कुणी ना कुणी विचारतं, नवीन घ्यायचा का आता?

दोन्हींमध्ये मी पहिली गोष्ट एकच सांगते: कारण वाचल्याशिवाय ते बटण पुन्हा दाबू नका. दर खेपेला कित्येक जीबी डाउनलोड होतं, सी ड्राइव्ह भरत जातो आणि पुढचा प्रयत्न आधीच्यापेक्षा जास्त अडचणीत सुरू होतो. विंडोज नापास झालं की नापास का झालं ते लिहून ठेवतं. ते वाचलं की अपग्रेड दुरुस्त कसं करायचं हेही कळतं, आणि या मशीनवर ते करावं का, हेही.

घाई किती आहे?

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही. बंद झाली ती दर महिन्याला आपोआप येणारी सुरक्षेची अपडेट्स. त्यांचं महत्त्व कळायला मे २०१७ चा वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला आठवावा. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. त्या वेळी विंडोज ७ ला सपोर्ट होता, तरी ज्यांनी पॅच लावला नव्हता ते सापडले. म्हणून ‘मी फक्त मेल आणि बातम्याच बघतो, मला काय होणार’ हे मला पटत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं, आयकर भरला जातो, आधारच्या प्रती पडलेल्या असतात, ते मशीन पॅचशिवाय वर्षानुवर्षं इंटरनेटवर ठेवू नये.

पण घाबरून आजच्या आज काही करण्याचीही गरज नाही. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव अपडेट्स मिळण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एन्रोल नाउ’ अशी लिंक दिसते. तिथे तीन वाटा दिलेल्या आहेत: पीसीची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करा आणि फुकट घ्या, १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरा, किंवा एकदाच ३० डॉलर भरा. एका खात्यावर १० मशीनपर्यंत चालतं. पहिली वाट निवडली तरी घरातले सगळे फोटो वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, चढवायची सक्ती नसते. तिथे फुकट जागा ५ जीबीच आहे, त्यामुळे फोल्डरचा बॅकअप बंद ठेवून फक्त सेटिंग्ज सिंक करा.

ही लिंक दिसतच नाही, अशी तक्रार बरेच जण करतात. कारणं बहुधा तीन असतात. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ आहे, ती मशीनवर नसते. किंवा ऑगस्ट २०२५ चं केबी५०६३७०९ हे किंवा त्यानंतरचं अपडेट लावलेलं नसतं. त्याआधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद व्हायची, ते या अपडेटने दुरुस्त केलं. तिसरं कारण, खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं नसतं. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट खातंही लागतं, नुसत्या लोकल खात्यावर भागत नाही.

माझा सल्ला असा की ही नोंदणी आधी करून टाका. पुढे विंडोज ११ घेतलं तरी तिने काही बिघडत नाही, आणि ‘अपडेट बंद झालीत, लवकर काहीतरी करा’ हे दडपण डोक्यावरून उतरतं. दडपणाखाली घेतलेल्या निर्णयात लोक धडधाकट मशीन भंगारात देतात.

‘अटी पूर्ण होत नाहीत’ असं म्हणतं तेव्हा

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं ॲप चालवा आणि नुसता लाल फुलीचा निकाल पाहून थांबू नका, ‘सगळे निकाल’ उघडा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क या अटींवर सहसा कुणी अडत नाही. अडतात ते तीन ठिकाणी: प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). यातलं पहिलं बदलता येत नाही. उरलेली दोन बहुतेक वेळा मशीनमध्ये असतात, फक्त बंद असतात.

प्रोसेसरचं नाव सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’च्या पानावर दिसतं. इंटेलचा असेल तर आय३, आय५ च्या पुढच्या आकड्याकडे बघा. ८१०० म्हणजे आठवी पिढी, १०४०० म्हणजे दहावी. ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत आहेत. सातव्या पिढीचे काही मोजके अपवाद सोडले तर त्यामागचे नाहीत. म्हणजे आय५-७४०० वर तुम्ही टीपीएम चालू केला, सिक्युअर बूट चालू केला, तरी उत्तर ‘नाही’च राहणार. एएमडीमध्ये रायझन ५ २६०० चालतो, पहिल्या पिढीचा १६०० चालत नाही. प्रोसेसर यादीत नसेल तर पुढच्या बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जच्या) खटपटीत शिरूच नका, थेट या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

प्रोसेसर चालणारा असेल तर आशा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये टीपीएम बंद असणं इतकं सर्रास आहे की मी आधी तेच बघते. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये त्याचं नाव ‘पीटीटी’ असतं, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं, सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड या पानांवर ते शोधायचं, चालू करायचं, सेव्ह करून बाहेर पडायचं.

लॅपटॉपवाल्यांनी बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट करायचीच. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. कित्येक लॅपटॉपवर ते विकत घेतल्यापासून चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो. तसं असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. टीपीएममध्ये फेरबदल झाला किंवा बायोस अपडेट केलं की पुढच्या वेळी मशीन ती की मागू शकतं. ती नसेल तर आतला डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, दुकानदार नाही आणि कंपनीही नाही.

आता सिक्युअर बूट, आणि इथेच खरी गाठ असते.

सी, डी, ई, एफ

स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ पाहा. तिथे ‘यूईएफआय’ (बायोसची नवी पद्धत) असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू केलं की काम झालं. ‘लेगसी’ असेल तर डिस्क भाग पाडण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि तिला नव्या जीपीटी पद्धतीची करावं लागेल. अशा वेळी लोक यूट्यूबवर पाहून थेट बायोसमधला ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा पर्याय) बंद करतात, आणि मशीन ‘बूट करायला डिस्क सापडत नाही’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबतं. घाबरू नका, डेटा जागेवर आहे. सीएसएम परत चालू करा, विंडोज १० पहिल्यासारखं उघडेल. क्रम उलटा हवा: आधी डिस्क बदलायची, मग बायोस.

डिस्क बदलण्याचं टूल विंडोज १० मध्येच आहे. नाव एमबीआर-टू-जीपीटी, टाइप करताना रोमन अक्षरांत सगळं सलग आणि मधला ‘टू’ म्हणजे आकडा २. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, टूलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘व्हॅलिडेट’ आणि पुन्हा तिरकी रेघ देऊन ‘अलाउ फुल ओएस’ हे तीन शब्द सलग. व्हॅलिडेट फक्त तपासतं, काही बदलत नाही. ते यशस्वी झालं तरच व्हॅलिडेटच्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून तीच ओळ पुन्हा चालवायची. मग रीस्टार्ट, बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू.

आपल्याकडच्या जोडून घेतलेल्या मशीनवर व्हॅलिडेट बऱ्याचदा नापास होतं, त्याचं कारण परदेशी मदत-पानांवर सहजी सापडत नाही. दुकानदाराने विंडोज टाकताना एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडलेले असतात: सी मध्ये विंडोज, डी मध्ये कागदपत्रं, ई मध्ये फोटो, एफ मध्ये सिनेमे. एमबीआर डिस्कवर प्रायमरी भाग चारच बसतात, त्यामुळे पुढचे भाग ‘एक्स्टेंडेड’ नावाच्या एका मोठ्या भागाच्या पोटात ‘लॉजिकल’ म्हणून घातलेले असतात. आणि हे टूल जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालवून घेतं, लॉजिकल भाग असलेली डिस्क मुळीच घेत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की एक्स्टेंडेड भागाभोवती हिरवी चौकट दिसते, त्यावरून लगेच ओळखता येतं.

उपाय आहे, पण निवांतपणे करायचा. हिरव्या चौकटीतल्या सगळ्या ड्राइव्हमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यातल्या चार-दोन फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. नुसतं कॉपी पूर्ण झालं म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. मग ते लॉजिकल भाग आणि शेवटी एक्स्टेंडेड भाग काढून टाका आणि व्हॅलिडेट पुन्हा चालवा. डिस्क जीपीटी झाल्यावर हवे तेवढे ड्राइव्ह पुन्हा पाडता येतात. बाहेरची डिस्क हाताशी नसेल तर हे काम सुरूच करू नका. आणि विंडोज एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) असेल, डी-ई-एफ वेगळ्या हार्ड डिस्कवर असतील, तर या सगळ्याची गरज नाही. जीपीटी फक्त विंडोजची डिस्क असावी लागते.

अटी पूर्ण आहेत, तरी मागे फिरतं

अपडेट हिस्टरीमध्ये नापास झालेल्या नोंदीपुढे एक कोड असतो. तो कागदावर उतरवा.

झीरो एक्स ८००७००७० म्हणजे जागा अपुरी. दुकानदाराने सी ड्राइव्ह आखूड ठेवून बाकी सगळं डी-ई ला दिलं असेल तर हा हमखास येतो. निदान २५-३० जीबी मोकळी करा. डाउनलोड्स फोल्डर आणि जुने व्हिडिओ आवरा, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचं उरलेलं सामान डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीनअप सिस्टिम फाइल्स’ दाबल्यावर दिसतं. पुसण्याआधी डाउनलोड्समध्ये कामाचं काही नाही ना ते पाहा.

झीरो एक्स सी१९००२०८ म्हणजे मशीनवरचं एखादं जुनं सॉफ्टवेअर आडवं येतंय. पुष्कळदा ते बाहेरून घेतलेलं अँटिव्हायरस असतं. ते तात्पुरतं थांबवून भागत नाही, अनइन्स्टॉल करावं लागतं. विंडोज डिफेंडर त्या काळात सांभाळून घेतो.

सगळ्यात जास्त छळतो तो झीरो एक्स सी१९००१०१. हा ड्रायव्हरचा दोष. याच्यानंतर आडवी रेघ देऊन दुसरा एक कोड असतो आणि त्यातला ‘झीरो एक्स’नंतरचा पहिला आकडा उपयोगी आहे: २ असेल तर रीस्टार्टनंतरच्या पहिल्या टप्प्यातच अडलं, ३ असेल तर नवं विंडोज पहिल्यांदा उघडताना, ४ असेल तर त्याच्या पुढच्या बूटला. याहून नेमकं हवं असेल तर सी ड्राइव्हवर विंडोज, मग लॉग्ज, त्यात सेटअपडायग नावाचं फोल्डर बघा. अपग्रेड फसल्यावर विंडोज तिथे निदानाची एक फाइल ठेवतं. नोटपॅडमध्ये उघडली की खूपदा अडलेल्या ड्रायव्हरचं नावच त्यात मिळतं.

नाव मिळो न मिळो, पुढची पायरी एकच. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून सगळं काढा: प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, बाहेरची डिस्क, डिजिटल सहीचा टोकन, टायपिंग सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली). जुनी व्हीपीएन आणि आभासी सीडी ड्राइव्हची सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. मग अपडेटच्या पानावरून न जाता मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (सगळं इन्स्टॉलेशन एकाच फाइलमध्ये) उतरवा, डबल क्लिक करून उघडा आणि आतलं सेटअप चालवा. पहिल्याच खिडकीत अपडेट आत्ता घ्यायचे का, हे बदलण्याची सोय असते. तिथे ‘आत्ता नको’ निवडा आणि इंटरनेट काढून टाका. डाउनलोड होताना मध्येच घुसणारा नवा ड्रायव्हर या वाटेने येत नाही. मागे फिरणारी पुष्कळशी मशीन एवढ्याने पार पडतात.

आणि तरीही फिरलं तर डिस्कवर संशय घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट ॲप डिस्कची प्रकृती दाखवतं. निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर अपग्रेडचा विषय तिथेच थांबवा. डिस्क मरायला टेकली आहे, आधी डेटा बाहेर काढा. अशा डिस्कवर वारंवार अपग्रेड चालवणं म्हणजे तिचा शेवट जवळ आणणं.

लाइटचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएसशिवाय हे काम घेऊ नका. लॅपटॉपची बॅटरी संपलेली असेल आणि तो फक्त चार्जरवर चालत असेल, तर त्यालाही हेच लागू.

एसएसडीचं आधी ठरवा

मशीन अटींत बसत असेल पण आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर मी विंडोज ११ चं नाव काढत नाही. टास्क मॅनेजर उघडून मशीन सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं ‘डिस्क’चा रकाना पाहा. तो शंभर टक्क्यांवर चिकटून राहत असेल तर घरातली मंडळी ज्याला ‘कॉम्प्युटर म्हातारा झाला’ म्हणतात ते दुखणं प्रोसेसरचं किंवा विंडोज १० चं नाही, डिस्कचं आहे. विंडोज ११ ने ते वाढेल. साधी साटा एसएसडी जवळजवळ प्रत्येक जुन्या डेस्कटॉपला आणि लॅपटॉपला बसते. जुनी हार्ड डिस्क फोटो-सिनेमांना ठेवता येते. रॅम ४ जीबी असेल तर कागदावर अट पूर्ण होते, वापरताना होत नाही, ८ करा. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातल्यावर कित्येक घरांत अपग्रेडची निकड आपोआप कमी होते, कारण लोकांना खरं तर वेग हवा असतो.

मराठी काम करणाऱ्यांनी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये

लग्नपत्रिका, दिवाळी अंकाची जुळणी, सोसायटीच्या नोटिसा, वकिलाकडचं टायपिंग. घरी बसून हे करणाऱ्यांकडे अजून युनिकोडपूर्व फॉन्ट (रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले) आणि डोंगलवर चालणारी डीटीपी सॉफ्टवेअर आहेत, आणि त्यांच्यासाठी चूक फार महाग पडते.

‘अबाउट’च्या पानावर ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ लिहिलेलं आहे का ते पाहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे आणि ३२ वरून ६४ वर फाइल्स-सॉफ्टवेअर जागेवर ठेवून जाता येत नाही, डिस्क कोरी करूनच टाकावं लागतं. शिवाय १६ बिटच्या काळातली सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत. कधी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असतं पण त्याचं इन्स्टॉलर १६ बिटचं, त्यामुळे ते नव्याने बसवता येत नाही. डोंगलला ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो, तो विक्रेत्याकडून आधी मिळवा, मशीन पुसल्यावर नाही. जुन्या लेझर प्रिंटरचंही तेच. घराघरांत असलेले एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांचा ६४ बिट ड्रायव्हर वेगळा असतो, तो उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

फॉन्टच्या फाइल्स विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून ठेवा. जागेवर अपग्रेड केलं तर त्या टिकतात. डिस्क कोरी केली तर जातात, आणि वीस वर्षांचं टायपिंग उघडल्यावर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर गेलेला नसतो, तो फॉन्ट नसल्यामुळे वाचता येत नाही. पण मूळ फॉन्ट कुणाकडेच न मिळाल्यास तो गेल्यातच जमा.

युनिकोड वापरणाऱ्यांना इतका त्रास नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट कोऱ्या विंडोज ११ मध्ये आपोआप बसतीलच असं नाही. त्यामुळे मंगलमध्ये केलेली फाइल निर्मला फॉन्टमध्ये उघडते आणि पानांची मांडणी सरकते. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स इथे जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ बसवा, मांडणी जागेवर येते. टायपिंगसाठी ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, भाषेच्या सेटिंग्जमधून जोडता येतो. गूगल इनपुट टूल्सच्या जुन्या ऑफलाइन आवृत्तीवर अवलंबून असलेल्यांनी याची सवय आधी विंडोज १० वरच करून घ्यावी. ती आवृत्ती गूगलने देणं बंद केलंय आणि नव्या मशीनसाठी पुन्हा मिळणार नाही.

डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: ते मशीन अपग्रेड करू नका. त्याचं इंटरनेट काढा, फाइल पेनड्राइव्हने ने-आण करा, आणि ते फक्त त्या कामाला ठेवा. बँक आणि मेल दुसऱ्या मशीनवर.

अपग्रेड झालं, आता दहा दिवस

जागेवर अपग्रेड केलं असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीच्या पानावर ‘गो बॅक’ दहा दिवस उपलब्ध असतं. ‘चाललं की बघू’ म्हणून ते दिवस वाया घालवू नका. पहिल्याच दिवशी प्रिंट काढा, स्कॅन करा, डोंगल लावून एक जुनी फाइल उघडा, डिजिटल सहीने एक कागद सही करा. आणि तोवर डिस्क क्लीनअपला हात लावू नका. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसलं की मागे जायची वाट बंद होते.

दुकानदाराने ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणारं सॉफ्टवेअर) वापरून टाकलेलं विंडोज असेल तर अपग्रेडने ते खरं होत नाही. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरायची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. अशा मशीनवर खरं लायसन्स घ्या किंवा पुढचा भाग बघा. बँकेचा पासवर्ड टाकता त्या मशीनवर कुणीतरी बनवलेलं ॲक्टिव्हेटर चालू राहणं मला पॅच नसण्याइतकंच धोक्याचं वाटतं.

प्रोसेसर यादीत नसेल तर

अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात आणि त्या चालतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर खेपेला हाताने चढवावी लागते. २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या अंगभूत आज्ञा असणं सक्तीचं झालं, आणि युक्तीने विंडोज ११ चालवणारी कोअर २ ड्युओ मशीन त्या आवृत्तीवर उघडेनाशीच झाली. स्वतःच्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर हवं तर करा. आईवडिलांच्या मशीनवर करू नका. पुढच्या वर्षी ते अडेल तेव्हा तुम्ही दुसऱ्या शहरात असाल.

यादीबाहेरच्या चांगल्या मशीनसाठी मी क्रम असा ठेवते: ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट्स, आणि तोवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरून पाहणं. ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, लिबरऑफिस, युनिकोड मराठी हे सगळं त्यावर नीट चालतं. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीच असतो, फोनेटिक हवा असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर बसवून मिळतो. टॅली, डोंगलवालं डीटीपी किंवा डिजिटल सहीचा टोकन रोज लागत असेल तर मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नका. तिथे नवं मशीन घेणंच शहाणपणाचं.

मिंट डिस्कवर न उतरवता पेनड्राइव्हवरून चालवता येतं, आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्या अवस्थेत वायफाय जोडून पाहा, यूट्यूबवर आवाज येतो का ऐका, प्रिंटरवर एक मराठी पान छापा, आणि घरात जे माणूस ते मशीन रोज वापरतं त्याला अर्धा तास बसवा. यातलं काही अडलं तर पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा, विंडोज १० जसंच्या तसं तिथे असेल.